बरे झाल्यानंतरचे दुखणे

१९४७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिले. आजार हटला आणि काही महिन्यांत परतला. उपचारानंतरच्या आयुष्याचा प्रश्न तेव्हा नव्हताच.

तो उभा राहिला मेम्फिसमध्ये. सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी १९६० च्या दशकात केमोथेरपीला डोक्यावरच्या किरणोपचाराची जोड दिली. जवळपास निम्मी मुले वाचू लागली. मोल मागाहून कळले. कुणाची उंची खुंटली, कुणाला शाळेत गणित जमेना. काही औषधांनी हृदय दुबळे केले, स्टेरॉइडने खुब्याचे हाड. किरणोपचार टाळूनही मुले बरी होतात, हे त्याच रुग्णालयाने २००९ मध्ये दाखवले. उशीरच म्हणायचा!

मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्यांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग १९९१ मध्येच सुरू झाला. उपचारांची जुनी फाइल मात्र रद्दीत घालू नका; कोणती औषधे दिली होती, ते तीच सांगते. हृदयाची तपासणी वीस वर्षांनीही लागू शकते.