भट्टीवरची नानकटाई

दिवाळीच्या फराळाचे ताट आपल्यापुढे आले की चकली आणि करंजी यांच्याकडे हात आधी जातो. ताटाच्या कडेला अंग चोरून बसलेल्या नानकटाईची विचारपूस मात्र फारसे कोणी करीत नाही. वास्तविक तिचा प्रवास त्या साऱ्यांहून लांबचा आहे. ताटातील बाकीचे पदार्थ आपल्या चुलीवर, आपल्या कढईत जन्मास आले. ही एकटी भट्टीतून आलेली आहे. आणि भट्टी म्हटली म्हणजे ती घराबाहेरची, बहुधा परधर्मीयाची. असे असूनही भोपाळमधील मराठी घरांत, निदान माझ्या लहानपणी, पाहुण्यापुढे बशी सरकविताना गृहिणी हमखास म्हणत, “घ्या ना, घरचीच आहे.” हे ‘घरचीच’ कोठून आले, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

नानकटाईच्या नावातील ‘नान’ म्हणजे फारसीतील रोटी. ‘खताई’ म्हणजे खता देशाची, अर्थात चीनकडची, असे कित्येक म्हणतात, तर कित्येक त्या शब्दात सहा जिनसांचा हिशेब पाहतात. या वादात मी पडत नाही. सुरतेस डच वखारवाल्यांसाठी चाललेली भट्टी पुढे एका पारशी गृहस्थाकडे आली, शिळा पाव विकता विकता त्यातून कडक बिस्किटे निघाली व पुढे गुजराती जिभेसाठी नानकटाई झाली, अशी एक कथा पश्चिम किनाऱ्यावर सांगतात. कथेचा तपशील कसाही असो. भट्टीचे अन्न आपल्याकडे समुद्राच्या वाटेने आले, याची साक्ष ‘पाव’ हा पोर्तुगीज शब्दच देतो.

आणि आले ते मोठे संशयास्पद पाहुणे म्हणून. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या गोष्टी आपण आजोबांकडून ऐकल्या आहेत. त्या खऱ्या किती हा प्रश्न निराळा. पावाच्या तुकड्यात एवढे सामर्थ्य आहे असे लोकांस वाटत होते, ही गोष्ट खरी. म्हणूनच 1849 मध्ये मुंबईस दादोबा पांडुरंगांसारख्या मंडळींनी परमहंस सभा गुप्तपणे चालविली, तेव्हा नव्या सभासदाची परीक्षा कशाने घेत? ख्रिस्त्याच्या हातच्या पावाने. तो तुकडा गिळला की जातिभेद गिळला, असा हिशेब! आणि पुढे सभासदांची नावे बाहेर फुटण्याची वेळ येताच त्याच शूर पुरुषांची पांगापांग झाली.

त्यानंतर चाळीस वर्षांनी पुण्यास पंचहौद मिशनचे प्रकरण उद्भवले. 1890 मध्ये मिशनच्या एका सभेनंतर निमंत्रितांपुढे चहा आणि बिस्किटे आली. निमंत्रितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी या खट्याळ गृहस्थांनी नावे छापून आणली आणि त्या चहाने पुण्यात जे ग्रामण्य माजले त्याचा निवाडा होण्यास दोन वर्षे लागली. रानड्यांसारख्यासही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. आपण त्यास ‘चहाचे प्रकरण’ म्हणतो. शेजारच्या बशीतले बिस्कीट इतिहासकारांच्या नजरेतून सहसा निसटते. पुढे 1898 मध्ये दिल्लीत एक बिस्किटांचा कारखाना निघाला, त्याने आपले नावच हिंदू बिस्किट कंपनी ठेवले. गिऱ्हाइकाच्या मनातील पहिली शंका कोणती, हे मालकास पक्के ठाऊक होते.

आता आपण भोपाळकडे वळू. मराठी माणसाची आणि या शहराची ओळख जुनी आहे, पण ती गोडीची नव्हे. 1737 च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावांनी निजामाला येथेच कोंडले होते. 1812-13 मध्ये शिंद्यांच्या ग्वाल्हेरकर आणि भोसल्यांच्या नागपूरकर फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला. वजीर मुहंमद खानाने शहर महिनोन् महिने लढविले आणि वेढा अखेर उठला. त्यानंतर सुमारे एकशे चव्वेचाळीस वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, नागपूरकर आणि ग्वाल्हेरकर पुन्हा भोपाळवर चालून आले. या खेपेस त्यांच्यापाशी ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या आणि बदलीचे हुकूम होते.

त्या दिवशी भाषावार प्रांतरचनेने नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि उरलेल्या प्रदेशाची, मध्य भारताची, विंध्य प्रदेशाची व भोपाळ संस्थानच्या मुलखाची मोट बांधून राजधानी भोपाळास झाली. सचिवालयांतील दफ्तरे निघाली, त्यांच्यामागून कारकून, लघुलेखक आणि अव्वल कारकून निघाले. नागपुरात राहिलेल्या सख्ख्या भावाचे राज्य एक आणि आपले दुसरे, असा प्रकार कित्येक घरांत झाला. भोपाळात तीन मराठ्या एकत्र आल्या: नागपूरची, ग्वाल्हेरची आणि इंदूरची. पाण्याच्या नळावर या तिघींचे एकमेकींच्या शब्दांना हसणे चाले.

या मंडळींसाठी तलावाच्या दक्षिणेस नवी वसाहत उठली. तिला नाव तात्या टोप्यांचे दिले. येवल्यास जन्मलेल्या आणि 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीस फाशी गेलेल्या त्या सेनानीचे नाव लोकांनी लवकरच आखडून ‘टी. टी. नगर’ असे केले. आता परगावचा माणूस ते ऐकून रेल्वेच्या तिकिट तपासनिसांची वसाहत समजला, तर दोष कोणाला द्यावा?

सरकारी क्वार्टरात शेगडी होती, पुढे घासलेटचा स्टोव्ह आला. भट्टी मात्र जुन्या शहरात होती. चौक, इतवारा, बुधवारा, जुमेराती या गल्ल्यांत पाव, टोस्ट आणि शीरमाल भाजणाऱ्या भट्ट्या चालत. दिवाळीआधी पंधरवडाभर आमची आई मैदा, रवा, तुपाचा डबा, साखर आणि वेलदोड्याची पुडी घेऊन टांग्यात बसे. टांगा कमला पार्कावरून जाई, डाव्या हाताला मोठा तलाव आणि उजव्या हाताला छोटा. आजीने निघताना बजावलेले असे, “जिन्नस आपले, हात आपला, तुपाला दुसऱ्याचा चमचा लागू देऊ नकोस.” पंचहौदाचे ग्रामण्य अद्याप आजीच्या पदरात बांधलेले होते, फक्त त्याची गाठ सैल झाली होती.

भट्टीचे शास्त्र थोडे सांगितले पाहिजे. विटांची घुमटाकार भट्टी लाकडाने तापवीत. पेटलेल्या विस्तवावर काही भाजावयाचे नसते. विटा तापल्या की निखारे ओढून घेत आणि साठलेल्या धगीवर काम चाले. पहिली कडक धग पावाची. पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरू लागे, आणि ही उतरती धग नानकटाईची. धग जास्त असेल तर नानकटाई वरून करपते व पोटात कच्ची राहते. कमी असेल तर पीठ धरण्याआधीच तूप वितळते आणि गोळा पसरून पापडासारखा होतो. या दोहोंमधला तासाभराचा अवकाश भट्टीवाला तळहात दाराशी धरून ओळखत असे. दुपारी तिसऱ्या प्रहरी आमची पाळी येई ती याच कारणाने. दिवसाचा रोजचा धंदा संपून जी धग वाया जावयाची, तिच्यावर शहराची दिवाळी भाजून निघत असे.

पीठ मात्र ज्याचे त्याने मळावयाचे. शेरभर मैद्यास अर्धा शेर तूप आणि तितकीच पिठीसाखर हे आमच्या घरचे प्रमाण. (पुढे किलो आले तरी आई शेरातच मोजत राहिली.) तूप-साखर परातीत तळहाताने फेसावयाची, ती पांढरी आणि हलकी होईपर्यंत. त्या फेसात जी हवा कोंडली जाते तीच पुढे भट्टीत फुलते आणि माथ्याला त्या सुरेख भेगा पडतात. अर्धा तास फेसून हात भरून येई. शेजारच्या परातीत एखादी सिंधी बाई फेसत असे. फाळणीनंतर बैरागढास आलेल्या निर्वासितांपैकी. पलीकडे एखादी मल्याळी, जिचा नवरा हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात. ट्रे सारखे, भट्टी एक. तेव्हा खूण हवीच. आम्ही चारोळी लावीत असू, कोणी पिस्ता, कोणी अंगुस्तानाचा ठसा. तरी एका वर्षी अदलाबदल झालीच, आणि आजीच्या सोवळ्या डब्यात सारी दिवाळी पिस्त्याची नानकटाई राहिली. आजीने दोन खाल्ल्या आणि म्हणाली, “यंदा जमली आहे.” कोणीही खुलासा केला नाही.

भट्टीवाल्यांना आम्ही चाचा म्हणत असू. ते आईला बेटी म्हणत. आईचे हिंदी बेताचेच. नानकटाई कशी हवी हे सांगताना ती एका शब्दावर दरवर्षी अडखळे. ‘खमंग’ला हिंदीत शब्द सापडेना. शेवटी तिने तो तसाच दिला आणि चाचांनी तसाच ठेवून घेतला. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ट्रे बाहेर ओढीत ते विचारीत, “देखो बेटी, खमंग हुई?” मागे पोरे एकमेकांना “को खां, खमंग!” म्हणून खिदळत. भोपाळच्या उर्दूत मराठीने टाकलेली भर किती, याचा हिशेब पंडितांनी करावा. एक शब्द मी स्वतः पाहिला आहे.

1972 ची दिवाळी मला विशेष आठवते. मुसलमानी वर्षात अधिक महिना नसल्याने त्यांचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, आणि बत्तीस-तेहतीस वर्षांत एकदा रमजान ईद व दिवाळी गळ्यात गळा घालून येतात. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 5 नोव्हेंबरला होते आणि त्याच आठवड्यात ईद. 1973 मध्येही तसेच झाले, आणि नंतर 2005 व 2006 मध्ये. साहजिकच 1972 ची आमची सारी नानकटाई रमजानच्या शेवटच्या रोज्यांत भाजली गेली. चाचा आणि त्यांची माणसे पहाटेपासून निर्जळी, आणि समोर तुपाचा, वेलदोड्याचा घमघमाट! रोजे असताना भट्टीवाल्याने चव पाहावयाची नाही. बरे, आईनेही पाहावयाची नाही. देवाला नैवेद्य दाखविल्याखेरीज आमच्याकडे फराळ उष्टावीत नसत. दोघेही त्या ट्रेसमोर उभे. अखेर चाचांनी एक नानकटाई उचलून कानाशी नेली आणि मोडली. अर्धी आईकडे दिली. आईने तिचा वास घेतला, कड बोटाने चुरडून पाहिली आणि मान डोलावली. ती दोन अर्धुके चाचांनी भट्टीच्या कोनाड्यात ठेवून दिली. संध्याकाळी त्यांतले एक इफ्तारला खाल्ले असेल. दुसऱ्याचे काय झाले मला ठाऊक नाही.

लक्ष्मीपूजन झाले आणि वाटपास सुरुवात झाली. फराळाचे डबे शेजारीपाजारी गेले, एक जुन्या शहरात गेला. डबा रिकामा परत करू नये ही रीत दोन्हीकडे सारखीच. भाऊबीज होऊन एक-दोन दिवस उलटले असतील, तो डबा शीरखुर्मा घेऊन परत आला. आजीने तो आधी मुलांना दिला. मग तुळशीपाशी जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने वाटी मागितली.

पुढील काळ सरळ गेला नाही. 2 आणि 3 डिसेंबर 1984 मधल्या रात्री विषारी वायू पसरला, त्याचा सर्वांत क्रूर आघात जुन्या शहरावर व त्याच्या उत्तरेच्या वस्त्यांवर झाला. 1992 च्या डिसेंबरात दंगलीने शहर होरपळले. अंतर मैलांत तेवढेच राहिले, पण कमला पार्कावरून पलीकडे जाण्यास माणसे कारण शोधू लागली. नेमक्या त्याच सुमारास घरोघरी ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला होता आणि त्याने ते कारण काढून घेतले. यंत्रास मी दोष देत नाही. टांग्याचे भाडे आणि पाच तासांची खोटी वाचली, हे बायकांनी आनंदाने सांगितले आणि त्यांचे खरे होते. पण ओव्हनमध्ये वीस-पंचवीस नानकटाया होतात. तेवढ्या घरातच संपतात. भट्टीवर पाच शेरांच्या आत जाण्यात अर्थ नसे, आणि पाच शेर नानकटाई एकटे घर खाऊ शकत नाही. ती वाटावीच लागे.

अजूनही दिवाळीच्या तोंडावर जुन्या भोपाळातील काही भट्ट्यांवर आपले तूप-मैदा घेऊन गेलेली माणसे दिसतात, मात्र लाकडाऐवजी पुष्कळ ठिकाणी डिझेलचा वा विजेचा ओव्हन आहे. आमच्या घरी आईची वही आहे. तिच्यात नानकटाईच्या पानावर प्रमाण शेरात लिहिले आहे आणि खाली, भाजण्याच्या रकान्यात, एवढेच: “चाचांच्या भट्टीवर, तिसऱ्या प्रहरी, पाव निघाल्यानंतर.” माझ्या सुनेने त्याखाली शिसपेन्सिलीने लिहून ठेवले आहे, “160 अंश, वीस मिनिटे.” आईची ओळ तिने खोडलेली नाही.