मोटारीच्या पेटीचा इतिहास

गोंदिया शहराला अगदी लागून असलेले नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे पुष्कळांना ठाऊक असते. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. मीही इतिहासाचा अध्यापक म्हणून तेथे अनेकदा गेलो आहे. पण आज मी तुम्हाला सांगणार आहे ते मंदिराविषयी नव्हे. ते आहे नागऱ्याच्या रस्त्यावर अडून बसलेल्या माझ्या मोटारीविषयी, आणि तिच्यातील तळहाताहून थोड्या मोठ्या अशा एका पेटीविषयी. इतिहास काही केवळ शिलालेखांतच असतो असे नाही. तो बॉनेटखालीही सापडतो.

पावसाळ्याचे दिवस होते. पाहुण्यांना मंदिर दाखवून परत निघालो, तो इंजिन धडधडू लागले आणि समोरच्या फळीवर पिवळा दिवा लागला. कशीबशी गाडी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपात नेली. तेथल्या तरुणाने स्कॅनर लावला, आकडा वाचला आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "ईसीएम गेला. नवा टाकावा लागेल." किंमत ऐकून मी गाडी तशीच परत आणली. दुसऱ्या दिवशी नागऱ्याच्या एका जुन्या मिस्त्रीला ती दाखवली. तो म्हणाला, "सर, पेटी बदलवा लागलच तर बदलवू. पण पहिले बाकीचं पाहू द्या ना."

आता ही पेटी म्हणजे काय, आणि ती आली कोठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पेट्रोल इंजिनाची गरज मुळात साधी आहे. ठरावीक हवेत ठरावीक पेट्रोल मिसळायचे आणि नेमक्या क्षणी ठिणगी पाडायची. शंभर वर्षांच्या आसपास हे काम कार्बोरेटर नावाच्या यंत्राने केले. त्यात विजेचा मेंदू नव्हता. आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या वेगाने बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर खेचले जाई. मुंबईत १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पुढे पद्मिनी या गाड्या आपल्या कित्येक पिढ्यांनी पाहिल्या. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा, जेट अडकले तर फुंकर मारायची, पॉइंट घासायचे, एवढे ज्याला आले तो मिस्त्री. इंजिनाचा आवाज ऐकून तो दोष सांगे. विद्या कानात आणि बोटांत होती.

मग हे सोपे यंत्र सोडून पेटी का आणली? केवळ हौस म्हणून नव्हे. कारण होते धूर. १९७० मध्ये अमेरिकेने स्वच्छ हवेचा कडक कायदा केला आणि मोटारींचा विषारी धूर फार मोठ्या प्रमाणात घटवण्याचे बंधन कारखानदारांवर घातले. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र पुढे आले; पण त्याची एक अट होती. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण फारसे ढळता कामा नये. कार्बोरेटरला इतकी शिस्त जमणारी नव्हती. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्येच विजेवर चालणारी पेट्रोल फवारणीची पद्धत बाजारात आणली होती. १९७९ मध्ये तिने फवारणी आणि ठिणगी ही दोन्ही कामे एकाच संगणकाच्या हाती सोपवली. आजची पेटी ही त्याच घराण्यातली.

आपल्याकडे हे वारे उशिरा आले, पण आले तेही धुराच्याच वाटेने. १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक यंत्र सक्तीचे झाले. शिशामुळे ते यंत्र निकामी होते, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, आणि २००० सालापासून ते देशभर मिळू लागले. पुढे भारत स्टेजचे नियम एकामागून एक आले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेटी आता साध्या फटफटीतही जाऊन बसली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. त्या गाडीबरोबर एका प्रकारचे ज्ञानही निवृत्त झाले, याची हळहळ मात्र फारशी कोणी केली नाही.

पेटीचे काम किती मोठे आहे ते एका हिशेबाने पाहा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. हवा किती आली, पाणी किती तापले, पेडल किती दाबले, धुरात प्राणवायू किती उरला, हे सारे वाचून पेटी प्रत्येक ठिणगीची वेळ ठरवते, आणि पेट्रोलची तोटी किती हजारांश सेकंद उघडी ठेवायची तेही. अशा पेटीत बिघाड झाला, तर कानाला काय कळणार?

म्हणूनच आमच्या मिस्त्रीची पद्धत मला पाहण्यासारखी वाटली. कागदपत्र खरे की खोटे हे तपासताना इतिहासकार जे करतो, तेच तो करत होता. एका साक्षीदारावर विश्वास ठेवायचा नाही. स्कॅनरचा आकडा सांगत होता की तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी नाही. पण आकडा दोषाचा पत्ता सांगतो, गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. त्याने आधी बॅटरी मोजली. मग फ्यूज आणि रिले पाहिले. अर्थिंगची तार सोडवून घासली. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्याला लावली. दोष कॉइलबरोबर हलला नाही, तिसऱ्यापाशीच राहिला. म्हणजे कॉइल निर्दोष. मग कॉइलपासून पेटीपर्यंतची तार मल्टिमीटरने तपासली, तीही अखंड. वीज येते, अर्थिंग आहे, तार शाबूत आहे, आणि तरी पेटीकडून हुकूमच येत नाही. तेव्हा कोठे तो म्हणाला, "आता सांगतो सर. पेटीच गेली."

म्हणजे शहरातला तरुण चुकला नव्हता! निकाल तोच निघाला. मग या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. उपयोग असा, की पेटीचा कपलर सोडवताच आत हिरवा गंज दिसला. वरच्या फाटक्या रबरातून पावसाचे पाणी झिरपत होते आणि थेट पेटीवर ठिबकत होते. ते रबर न बदलता नवी पेटी बसवली असती, तर पुढच्या श्रावणात तीही गेली असती. बिघडलेली वस्तू बदलणे निराळे आणि बिघाडाचे कारण दूर करणे निराळे. हा भेद राज्ये बुडवणाऱ्यांनाही पुष्कळदा कळलेला नाही.

पेटी बसवण्याचे काम तसे अर्ध्या तासाचे. बॅटरीची ऋण तार काढायची, जुन्या पेटीवरचा क्रमांक नव्या पेटीशी अक्षर न् अक्षर जुळवायचा, कपलर स्वच्छ करून दाबायचा, चार बोल्ट आवळायचे. पण एवढे करून गाडी सुरू होत नाही. चोरी होऊ नये म्हणून किल्ली आणि पेटी यांची ओळख पटवावी लागते, आणि पेटीत त्या गाडीचा क्रमांक लिहावा लागतो. त्याला लागणारे उपकरण आणि परवलीचा शब्द मिस्त्रीजवळ नव्हते. दोष शोधला त्याने, रबर बदलले त्याने, पेटी बसवली त्याने. आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी गाडी टोचन करून न्यावी लागली. हात पुसत तो एवढेच म्हणाला, "आमचं काम आता दारापर्यंतच."

ही एकट्या त्याची कहाणी नाही. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. कंपन्यांचीही बाजू आहे: पेटी कोणालाही उघडता आली तर चोरालाही उघडता येईल, आणि धुराचे नियमही मोडता येतील. ती बाजू अगदीच पोकळ नाही. पण किल्ली चोरापासून लपवताना ती घराच्या माणसापासूनही लपवायची का, हा प्रश्न उरतोच.

वाचकहो, पेटीमुळे आपली हवा पूर्वीपेक्षा कमी विटाळते, गाडी थंडीत कुरकुरत नाही, पेट्रोल वाचते. जुन्या कार्बोरेटरसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु ज्या विद्येने तो मिस्त्री रबरातल्या चिरेपर्यंत पोचला, ती विद्या कोणत्याही पेटीत लिहिलेली नसते. तिला दारापाशीच थांबवले, तर एके दिवशी आपल्याकडे बदलणारे पुष्कळ असतील आणि दुरुस्त करणारा एकही नसेल. माझी गाडी आता नीट चालते आहे. पहिला पाऊस पडला की मी आठवणीने बॉनेट उघडतो आणि ते रबर चाचपून पाहतो.