विशालकोनी भिंग आणि 'निर्मनुष्य' खोरे : कार्लटन वॉटकिन्स यांची योसेमिटीची छायाचित्रे

प्रस्तावना

छायाचित्राला इतिहासाचे साधन मानताना त्यातील दृश्याचा विचार होतो. परंतु ते ज्या यंत्राने टिपले गेले त्याचा विचार क्वचितच केला जातो. कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्याची कार्लटन वॉटकिन्स (१८२९–१९१६) यांनी घेतलेली छायाचित्रे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. या चित्रांनी एका प्रदेशाचे भवितव्य ठरविण्यास हातभार लावला आणि तेथील मूळ रहिवाशांचा इतिहास झाकूनही टाकला. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाबींचा तांत्रिक संदर्भासह विचार केला आहे.

कॅमेरा व भिंग

१८६१ च्या उन्हाळ्यात वॉटकिन्स यांनी १८ बाय २२ इंच मापाच्या काचपट्ट्या घेणारा भव्य कॅमेरा खेचरांवर लादून खोऱ्यात नेला. त्या काळी छायाचित्र मोठे करून छापण्याची सोय व्यवहार्य नव्हती. मोठे चित्र हवे असल्यास काचपट्टीही तेवढीच मोठी लागे. ओल्या कलोडियन प्रक्रियेत रसायन सुकण्यापूर्वी चित्र घेऊन ते लगेच धुवावे लागे. त्यामुळे काळोखाचा तंबूही सोबत न्यावा लागे. या सफरीत त्यांनी ३० भव्य व सुमारे १०० द्विनेत्री छायाचित्रे घेतली.

खोरे अरुंद, तर कडे सुमारे तीन हजार फूट उंच. मागे सरकून दृश्य सामावून घेण्यास जागा अपुरी पडे. १८६२ मध्ये हॅरिसन व श्निट्झर यांनी पेटंट घेतलेल्या 'ग्लोब' भिंगासारख्या विशालकोनी भिंगांनी ही अडचण कमी केली. १८६५ व १८६६ च्या सफरींत वॉटकिन्स यांनीही अधिक विस्तृत क्षेत्र टिपणारी भिंगे वापरली. अशा कॅमेऱ्यात भिंगाची चौकट वर सरकविता येत असल्यास कॅमेरा न कलवता कड्याचा माथा चित्रात घेता येतो आणि झाडांच्या उभ्या रेषा सरळ राहतात. विशालकोनी भिंगामुळे दूरचा कडा लहान दिसतो. परंतु समोरचे कुरण मोठ्या प्रमाणात चित्रात येते.

छायाचित्र आणि कायदा

२० फेब्रुवारी १८६४ रोजी इझ्राएल रेमंड या जहाज कंपनीच्या प्रतिनिधीने सिनेटर जॉन कॉनेस यांना खोऱ्याच्या संरक्षणाविषयी पत्र लिहून सोबत काही दृश्ये पाठविली. ती वॉटकिन्स यांचीच असावीत, असे सामान्यतः मानले जाते. ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटी अनुदान कायद्यावर स्वाक्षरी केली आणि खोरे सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याकडे सोपविण्यात आले. सिनेटमधील बहुतेकांनी ते खोरे प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. त्यामुळे छायाचित्राचे वजन शब्दांपेक्षा अधिक ठरले असल्यास नवल नाही.

चित्रात न दिसणारी माणसे

वॉटकिन्स यांच्या पहिल्या सफरीपूर्वी अवघी दहा वर्षे, १८५१ मध्ये, मारिपोसा बटालियनने या खोऱ्यात शिरून अहवाहनीची लोकांची वस्ती व धान्यसाठा जाळला होता. त्यांचा प्रमुख टेनाया याला लोकांसह खोऱ्याबाहेर नेण्यात आले. पुढे त्यांच्यापैकी काही परतले आणि त्यांचे वंशज विसाव्या शतकातही तेथे राहत होते. वॉटकिन्स यांच्या प्रसिद्ध भव्य दृश्यांत मात्र त्यांचा मागमूस नाही. हे चित्रविषयाच्या निवडीमुळे घडले. शिवाय दीर्घ प्रकाशनकाळात हलणारी व्यक्ती अस्पष्ट होई.

तथापि, त्याच चित्रांत एक पुरावा शिल्लक आहे. समोर पसरलेली मोकळी कुरणे आणि विरळ ओक वृक्ष ही केवळ निसर्गाची किमया नव्हती. ओकची फळे हे अहवाहनीचींचे मुख्य अन्न होते. ते नियमितपणे गवत-झुडपे जाळून जमीन मोकळी ठेवीत. ही प्रथा थांबल्यावर कुरणांत झाडोरा वाढत गेला, हे नंतरच्या छायाचित्रांशी तुलना केल्यास दिसून येते. म्हणजेच 'अस्पर्शित निसर्ग' म्हणून जे चित्र पाहिले गेले, ते वस्तुतः माणसाने राखलेल्या भूमीचे होते.

समारोप

१८७५ च्या सुमारास आर्थिक संकटात वॉटकिन्स यांच्या काचपट्ट्या दुसऱ्याच्या हाती गेल्या आणि १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात त्यांचा संग्रह नष्ट झाला. उरलेले मुद्रित ठसे आजही अभ्यासाला उपलब्ध आहेत. भिंगाने छायाचित्रकाराच्या हेतूपेक्षा अधिक टिपून ठेवले आहे. ते वाचावयाचे तर कड्यांच्या भव्यतेकडून नजर खाली आणून समोरच्या कुरणाकडे पाहावे लागते.