नाणेघाटाची जकात

तीन दिवसांची फेरी. भाईंदरहून मोटारसायकल काढली ती घोडबंदर, कल्याण, मुरबाड करत रानातून माळशेज घाट चढले. जुन्नरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी घाटघरवरून नाणेघाट.

दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याण बंदरांतला माल याच घाटानं सातवाहनांच्या जुन्नरला जायचा. गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ कोणते, गाई किती, कार्षापण किती दिले, सगळं आकड्यांत. माथ्यावर दगडी रांजण. जकात त्यात पडायची म्हणतात. पण कातळात वाट खोदणाऱ्याचं, ओझ्याचे बैल हाकणाऱ्याचं नाव लेखात नाही. आमच्या भाईंदरच्या मिठागरांत राबलेल्यांचंही तेच झालं.

म्हणून सांगतो, घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा, अन् नावं वहीत उतरवून ठेवा.