चंद्र पट्टीवर येण्यापूर्वी

कोजागिरीस मंडळाच्या गच्चीवरून आम्ही काढलेल्या छायाचित्रांत दरवर्षी चंद्राऐवजी पांढरा ठिपकाच उमटतो. रात्र म्हणून आम्ही शटर अधिक वेळ उघडे ठेवतो; पण चंद्रावर त्या वेळी भर दिवसाचे ऊन असते, हे ध्यानी येत नाही.

आद्य छायाचित्रकारांची अडचण नेमकी उलट होती. त्यांच्या पट्ट्या अतिशय मंद. प्रकाश पुरत नसे आणि चंद्र थांबत नसे. सुमारे २ मिनिटांत तो स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. १८३९ मध्ये फ्रान्सच्या दागेर यांच्या पट्टीवर पुसट डागच उमटला. १८४० साली न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर यांनी तब्बल २० मिनिटे प्रकाश देऊन चंद्रबिंब मिळविले.

आम्हांस अधिक जवळचे वाटतात ते लंडनचे वॉरेन द ला रू. व्यवसाय छपाईचा, छंद आकाशाचा! १८५२ च्या सुमारास त्यांनी कोलोडियनची ओली काच वापरली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आणले. मात्र दुर्बीण फिरविणारे घड्याळयंत्र त्यांच्यापाशी नव्हते. ती हातानेच चंद्रामागे सरकवावी लागे. अखेर त्यांनी तो नाद सोडला, आणि १८५७ मध्ये यंत्र बसविल्यावरच पुन्हा हाती घेतला.