स्वयंपाकघरातलं मौन

परिपाठाच्या शेवटी दोन मिनिटं मौन असायचं, आठवतंय? आपण एका डोळ्याने बघत हसू दाबायचो आणि बाईंचा धपाटा खायचो. त्या मौनाचा अर्थ मला चाळिशीनंतर एका फ्रेंच आचाऱ्याने सांगितला.

निकोला एर्मां हा लोरेन प्रांतातला गरीब मुलगा. अठराव्या वर्षी हिवाळ्यातलं निष्पर्ण झाड पाहून, याला पुन्हा पालवी फुटणार, या विचारानेच त्याला देवाची जाणीव झाली. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-४८) तो सैनिक होता. जखमी होऊन लंगडा झाला. १६४० मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात तो ‘ब्रदर लॉरेन्स’ झाला.

वाट्याला आलं नावडतं स्वयंपाकघर. शिवाय आपला उद्धार होईल का, ही तळमळ बरीच वर्षं टिकली. शेवटी त्याने ती चिंताच देवावर सोडली. भांड्यांच्या खडखडाटात तो मनातल्या मनात देवाशी बोलत राही. लक्ष भरकटलं, तर न चिडता परत आणी. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत त्याला फरक उरला नाही. १६९१ मध्ये तो वारला. नंतर जोसेफ द बोफोर यांनी त्याची पत्रं आणि संभाषणं प्रसिद्ध केली.

गेल्या वर्षी आजारी आईच्या उशाशी, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी ती वाचली. मी ख्रिस्ती नाही. देव भेटला, असंही म्हणवत नाही. पण ऑफिसचा फोन वाजण्याआधी दोन मिनिटं आईचा हात धरून गप्प बसायला शिकले.

बाई, आता डोळे खरंच मिटते.