‘डिस्क साफ केली’ म्हणजे नेमकं काय केलं?

संशोधनाला लागलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी लॅबमधलं जुनं कपाट आवरण्याचं काम येतं. माझ्या वाट्याला कपाटासोबत एक जुना कॉम्प्युटरही आला. वीसेक वर्षांपूर्वी तो एका स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला असायचा, आता भंगारात जाणार होता. सर म्हणाले, “देण्याआधी डिस्क साफ कर.” मी विंडोज ९८ची स्टार्टअप फ्लॉपी घातली, एफडिस्क चालवलं, तीन जुनी पार्टिशन काढली, एक नवं केलं, फॉरमॅट मारलं आणि लॅबच्या वहीत लिहिलं : ‘डिस्क साफ केली.’ काम इतकं पटकन झालं, की संध्याकाळच्या गर्दीआधीच ठाण्याहून डोंबिवलीची लोकल मिळाली.

चार दिवसांनी कळलं, की २००१च्या एका प्रबंधातला आकडा आम्हाला पडताळून बघायचा आहे आणि त्याचे मूळ स्पेक्ट्रा त्याच डिस्कवर होते. दुसरी प्रत नव्हती.

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन केलं असेल, तर माझ्या त्या तीन शब्दांचा इतिहास तुम्हाला उपयोगी पडेल. कारण तुमच्याही वहीत असे शब्द येणार आहेत.

सुरुवात १९८३पासून करू. त्या वर्षी मार्चमध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस २.०. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमना जागा वाटून देता यावी, म्हणून डॉससोबत एफडिस्क हा छोटा प्रोग्रॅम दिला होता. वाटणीची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये होते. हा सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडसाठी, शेवटचे २ सहीसारखे, आणि मधल्या ६४ बाइटमध्ये चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटच्या. हे पार्टिशन कुठे सुरू होतं, किती सेक्टरचं आहे, कुठल्या प्रकारचं आहे, मशीन इथून सुरू करायचं का, एवढंच त्यात असतं. फाइलींबद्दल एक अक्षरही नसतं.

योगायोग बघा, त्याच १९८३मध्ये आमची कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. २००२मध्ये तिच्या हद्दीतून २७ गावं वगळली गेली आणि २०१५मध्ये ती पुन्हा हद्दीत आली. या काळात गावं कुठे गेली होती का? घरं, विहिरी, देवळं सगळं जागच्या जागी होतं, हललं ते फक्त नकाशावरचं रेघोटं. पार्टिशन ‘काढणं’ बरंचसं असंच आहे. १६ बाइटची नोंद पुसली जाते, त्या हद्दीतला मजकूर तिथेच पडून असतो. नवं काही येऊन त्यावर बसेपर्यंत.

मग आमच्या डिस्कवर तीन पार्टिशन कशासाठी होती? यालाही इतिहास आहे. डॉसच्या जुन्या आवृत्त्यांना ३२ एमबीपेक्षा मोठं पार्टिशन झेपत नव्हतं. डिस्क मोठ्या होत गेल्या तसं १९८७मध्ये डॉस ३.३ने एक्स्टेंडेड पार्टिशन आणलं. आपल्याकडे जमिनीच्या गटात पोटहिस्से पाडतात, तसे एका नोंदीच्या आत अनेक लॉजिकल ड्राइव्ह. पुढे ३२ एमबीची अट गेली, पण फॅट१६ या पद्धतीत एका पार्टिशनला २ जीबीची मर्यादा उरली. शिवाय पार्टिशन १ जीबीच्या पुढे गेलं, की जागेचा सर्वांत लहान तुकडा, म्हणजे क्लस्टर, ३२ केबीचा होतो. ४ केबीची फाइल ठेवली तरी ३२ केबी अडतात. १ जीबीच्या आत राहिलात तर १६ केबीच अडतात.

आमची डिस्क ४.३ जीबीची. तिच्यावर सी साधारण २ जीबीचा होता, डी आणि ई १ जीबीच्या किंचित आत. म्हणजे ज्याने कोणी ही वाटणी केली, त्याला हा हिशोब ठाऊक होता. हजारो लहान फाइली येणार हे ओळखून त्याने डी आणि ई बेताचे ठेवले. त्या माणसाचं नाव कुठल्याच वहीत नाही. त्याच्या विचाराचा एकमेव पुरावा म्हणजे ती वाटणी, आणि मी ती न वाचताच पुसून टाकली.

वाचायची संधी मिळाली नव्हती, असंही नाही. एफडिस्क घाईने काही काढू देत नाही. आधी लॉजिकल ड्राइव्ह काढावे लागतात, मग एक्स्टेंडेड, मग प्रायमरी. प्रत्येक ड्राइव्हसाठी तो त्याचं लेबल टाइप करायला लावतो आणि मग खात्री विचारतो. डीचं लेबल होतं ‘स्पेक्ट्रा’. ते मी स्वतःच्या हाताने, अक्षर न चुकता टाइप केलं आणि वाय दाबलं.

त्याच वेळी पडद्यावर इशारा येतो, की या पार्टिशनमधला डेटा जाईल. गंमत म्हणजे त्या क्षणी डेटा जात नाही, त्याच्याकडे जायचा रस्ता जातो. फॉरमॅटचीही तीच कथा. डॉस आणि विंडोज ९८चा फॉरमॅट हार्ड डिस्कवर फाइलींची सूची नव्याने मांडतो आणि बाकीचे सेक्टर नुसते वाचून तपासतो, त्यांच्यावर काही लिहीत नाही. २००७मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. म्हणून २००१च्या वहीतलं ‘फॉरमॅट केलं’ आणि २०१०च्या वहीतलं ‘फॉरमॅट केलं’ ही दोन वेगळी वाक्यं असू शकतात. शब्द तोच राहिला, त्यामागची क्रिया बदलली. जुनी कागदपत्रं वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

हे माझंच अज्ञान होतं असं समजू नका. एमआयटीतले सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत यांनी २००३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांवर लोकांचे क्रेडिट कार्ड नंबरसुद्धा मिळाले. बऱ्याच मालकांना आपण साफ केलं असंच वाटत असणार.

त्यांच्या दृष्टीने जे संकट होतं, ते माझ्या पथ्यावर पडलं. मी डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरला लावली आणि सगळ्यात आधी तिची सेक्टरमागून सेक्टर अशी पूर्ण प्रत घेतली. पुढचं सगळं काम प्रतीवर. फॅट पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये त्याचा स्वतःचा आकार लिहिलेला असतो. टेस्टडिस्क नावाचं मुक्त सॉफ्टवेअर अशा खुणा शोधत जातं आणि त्यावरून हद्दी पुन्हा आखतं. माझ्या नव्या पार्टिशनची सूची डिस्कच्या सुरुवातीच्या काही एमबीत मावली होती. डी त्यापासून २ जीबी लांब होता, म्हणून तो जसाच्या तसा उभा राहिला. फोल्डरची नावं, तारखा, सगळं.

सी मात्र नव्या सूचीखाली दबला. इन्स्ट्रुमेंटच्या कॅलिब्रेशनची फाइल तिथे होती. तिचे तुकडे कुठे कुठे आहेत हे सांगणारी जुनी सूचीच उरली नव्हती. परिणाम असा, की स्पेक्ट्रामधल्या शिखरांच्या जागा प्रबंधाशी जुळल्या, उंचीची गुणोत्तरंही जुळली, पण ज्या आकड्यासाठी हा खटाटोप केला तो कॅलिब्रेशनवर अवलंबून होता. तो बरोबर की चूक, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. तो प्रबंध लिहिणाऱ्याची यात काहीही चूक नव्हती.

त्यामुळे एक करा. जुनी डिस्क हातात आली की आधी प्रत घ्या आणि पार्टिशनचा तक्ता वहीत उतरवून ठेवा. काही काढलंत तर कुठल्या प्रोग्रॅमने, कुठल्या आवृत्तीने, काय, कुठल्या क्रमाने काढलं आणि प्रत कुठे आहे, हे लिहा. दहा मिनिटं जास्त लागतील, फार तर नेहमीची लोकल चुकेल.

वहीतली माझी ती जुनी ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली तारीख घालून खरं काय केलं होतं ते लिहिलंय. त्याला पाऊण पान लागलं.